कोलकाता–आगरतळा : हवाई अंतर, प्रवासाचा वेळ आणि विकासाचा हिशेब

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



दोन विमानतळांमध्ये अंतर किती आणि विमानाला तेथे पोचायला किती वेळ लागतो, हा प्रश्न सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत संपतो. आज तो सविस्तर मांडावा असा माझा विचार आहे, आणि त्यासाठी मी कोलकाता व आगरतळा ही जोडी निवडली आहे. आगरतळा ही त्रिपुराची राजधानी. तेथील विमानतळ त्रिपुराचे महाराजा बीर बिक्रम किशोर माणिक्य यांच्या पुढाकाराने १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिला. २०१८ मध्ये त्याला त्यांचेच नाव देण्यात आले आणि जानेवारी २०२२ मध्ये तेथील नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. परीक्षेसाठी ही माहिती उपयोगी आहे. परंतु आपला विषय या विमानतळाहून पुढे जाणारा आहे.

प्रथम अंतर काढू. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. ज्या वर्तुळाचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळते ते बृहद्वृत्त. लांब पल्ल्याच्या उड्डाणात हा मार्ग सपाट नकाशावर कमानीसारखा वाकलेला दिसतो. आपल्या उदाहरणात अंतर कमी असल्याने साधे पायथागोरसचे सूत्रही पुरेसे आहे. कोलकात्याचा विमानतळ २२ अंश ३९ मिनिटे उत्तर अक्षांश व ८८ अंश २७ मिनिटे पूर्व रेखांश यांवर आहे. आगरतळ्याचा २३ अंश ५३ मिनिटे उत्तर व ९१ अंश १४ मिनिटे पूर्व यांवर. अक्षांशांतील फरक १ अंश १४ मिनिटे, म्हणजे सुमारे १३७ किलोमीटर, कारण अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. रेखांशांतील फरक २ अंश ४७ मिनिटे. मात्र रेखांश ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश सुमारे १०२ किलोमीटरच भरतो. म्हणून हे अंतर २८४ किलोमीटर. दोन्ही संख्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की उत्तर येते सुमारे ३१५ किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत सुमारे १७० सागरी मैल, कारण एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

आता वेळ. जेट विमान समतल उड्डाणात ताशी साधारण ८०० किलोमीटर वेगाने जाते, तेव्हा ३१५ किलोमीटरला २४ मिनिटे पुरायला हवीत. परंतु वेळापत्रकात या उड्डाणाला सुमारे एक तास पाच मिनिटे दिलेली असतात. हा फरक कोठून येतो? वेळापत्रकातील वेळ ही विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी थांबेपर्यंतची असते. व्यवसायात तिला ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, रांगेत थांबणे, उंची गाठणे, पुढे उतरण्यासाठी वेग कमी करून ठरलेल्या वळणांनी धावपट्टीच्या रेषेत येणे, हे सारे त्यात आले. या कामांना लागणारा वेळ अंतर लहान असले म्हणून फारसा कमी होत नाही. म्हणून एक ढोबळ सूत्र मनाशी ठेवावे : अंतर किलोमीटरमध्ये घेऊन त्याला १३ ने भागावे आणि उत्तरात ४० मिनिटे मिळवावीत. कोलकाता–आगरतळ्यासाठी ६४ मिनिटे येतात. मुंबई–नागपूर हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. त्याला ९२ मिनिटे. दिल्ली–मुंबई सुमारे १,१४० किलोमीटर. त्याला दोन तास आठ मिनिटे. वेळापत्रके उघडून पाहिलीत तर सूत्र फार चुकत नाही असे आढळेल. हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार उच्चस्तरीय वारे वाहतात, त्यामुळे लांब पल्ल्याच्या मार्गांवर जाण्याचा व येण्याचा वेळ सारखा नसतो; आपल्या छोट्या उड्डाणात त्याचा परिणाम किरकोळ आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबून पाहिले पाहिजे. चाळीस मिनिटांचा हा स्थिर भाग अंतरावर अवलंबून नाही. तो स्थिर खर्चासारखाच आहे. अंतर जितके लहान तितका तो प्रत्येक किलोमीटरवर अधिक भारी पडतो. केवळ वेळच नव्हे, तर इंधन, उतरण्याचे शुल्क व विमानाची झीज या बाबतींतही हेच घडते. म्हणूनच लहान पल्ल्यावर अधिक वेगवान विमान आणून फारसे काही साधत नाही. पंख्यांचे एटीआर विमान ताशी साधारण ५०० किलोमीटर वेगाने जाते. ३१५ किलोमीटरमध्ये ते जेटच्या मागे पडते ते जेमतेम चौदा मिनिटे, आणि इंधन मात्र बरेच कमी घेते. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेत (तिचे पहिले उड्डाण २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला–दिल्ली मार्गावर झाले) सुमारे एका तासाच्या प्रवासासाठी निम्म्या जागांवर २,५०० रुपयांची भाडेमर्यादा ठेवण्यात आली होती. अशी मर्यादा घातली की उरलेल्या खर्चाची भरपाई कोणी तरी करावी लागते, ती का, हे या स्थिर भागावरून कळते.

येथवर आपण दोन धावपट्ट्यांमधले अंतर पाहिले. आता त्याच दोन शहरांमधला जमिनीवरचा मार्ग पाहू. सियालदहहून आगरतळ्याकडे जाणारी गाडी प्रथम उत्तरेकडे माल्दा व न्यू जलपाईगुडीला जाते, तेथून सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून, जो सर्वांत अरुंद ठिकाणी वीस-बावीस किलोमीटर रुंद आहे, आसाममध्ये शिरते, गुवाहाटी, लुमडिंग व बदरपूर करीत दक्षिणेला वळते आणि धर्मनगरमार्गे आगरतळ्याला पोचते. हा प्रवास साडेपंधराशे किलोमीटरांहून कमी नाही. मुंबईहून रेल्वेने दिल्ली १,३८४ किलोमीटर आहे, तिच्याहूनही हा लांब. वेळ, गाडी वेळेवर धावली तर, दीड दिवस.

जमिनीवरील अंतराला हवाई अंतराने भागून येणाऱ्या संख्येला आपण ‘वळसा-गुणांक’ म्हणू. मुंबई–नागपूर रेल्वेमार्ग ८३७ किलोमीटर, हवाई अंतर ६८०, गुणांक १.२३. दिल्ली–मुंबईचाही १.२ च्या आसपास. नदी-डोंगर-वस्ती पाहून आखलेल्या कोणत्याही रेल्वेमार्गाचा गुणांक साधारण इतका असणे स्वाभाविक आहे. (जून २०२५ मध्ये पूर्ण लांबीने खुला झालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे, तो किती ताणून आखला आहे ते आता तुम्हीच ताडून पाहा.) कोलकाता–आगरतळ्याचा गुणांक मात्र ४.९ येतो, आणि त्याचे मुख्य कारण भूगोलात सापडत नाही.

फाळणीपूर्वी आगरतळ्याहून कोलकात्याला जाणारा प्रवासी काही किलोमीटरांवरील अखौरा स्थानकात गाडी धरी, चांदपूरला आगबोटीत बसे, गोआलंदोला उतरून पुन्हा गाडीने सियालदहला पोचे. १९४७ मध्ये अखौरा पूर्व पाकिस्तानात गेले. त्रिपुरा संस्थान १५ ऑक्टोबर १९४९ रोजी भारतीय संघराज्यात विलीन झाले, तेव्हा त्याच्या तीन बाजूंना परदेश होता. आजही राज्याची ८५६ किलोमीटरांची सीमा बांगलादेशाशी आहे. १९६५ च्या युद्धात उरलेसुरले रेल्वे व नदीमार्गही बंद झाले. म्हणजे वळसा-गुणांकाच्या अंशस्थानी जी संख्या आहे ती राजकीय इतिहासाने लिहिलेली आहे. छेदस्थानी मात्र ३१५ तसेच राहिले.

छेदस्थान तसेच राहिले, हेही गृहीत धरण्याजोगे नाही. कोलकाता–आगरतळा विमान सुरुवातीचे साठेक किलोमीटर सोडले तर जवळजवळ सर्व प्रवास बांगलादेशाच्या आकाशातून करते. खिडकीतून पद्मा व मेघना दिसतात त्या परक्या भूमीवरच्या. ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारातील पहिलेच कलम सांगते की, प्रत्येक राष्ट्राला आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व आहे. दुसऱ्या देशाच्या विमानाने तेथून न उतरता जाणे ही एक सवलत असून तिला हवाई स्वातंत्र्यांपैकी पहिले म्हटले जाते. ही सवलत काढून घेतली की काय होते याचे ठळक उदाहरण आपल्याच शेजारचे आहे. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ हे विमान श्रीनगरहून जम्मूला जाताना पळवून लाहोरला नेण्यात आले व तेथे जाळण्यात आले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. कराची–ढाका सरळ अंतर सुमारे २,३६० किलोमीटर. आता विमानांना श्रीलंकेचा वळसा घालून जावे लागले आणि अंतर जवळजवळ दुप्पट झाले. त्या वर्षी पूर्व पाकिस्तानात जे घडले त्यात या वाढलेल्या अंतराचाही वाटा होता. अलीकडे, फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानचे आकाश बंद होते, तेव्हा एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना ते आकाश पुन्हा बंद झाले. दोन विमानतळ जागचे हलले नाहीत, तरी त्यांच्यातील प्रवासाचे अंतर एका सूचनेने बदलू शकते.

कोलकाता–आगरतळ्याचा हवाई मार्ग आज सरळ आहे. मग प्रश्न असा की, तो कोणाला उपलब्ध आहे? येथे थोडा हिशेब मांडू. आकडे केवळ समजावून देण्यासाठी मानलेले आहेत. विमानाचे तिकीट ४,००० रुपये आणि रेल्वेच्या शयनयानाचे ७०० रुपये धरा. विमानाचा एकूण वेळ, घरापासून घरापर्यंत, पाच तास : दमदमला पोचणे, दोन तास आधीची हजेरी, उड्डाण, सामान, विमानतळापासून शहर. रेल्वेचा असाच एकूण वेळ ३८ तास. भाड्यातील फरक ३,३०० रुपये, वेळेतील फरक ३३ तास. म्हणजे ज्याच्या एका तासाचे मोल १०० रुपयांहून अधिक आहे त्याने विमानाने जावे, ज्याचे कमी आहे त्याने रेल्वेने. पाठ्यपुस्तक येथे थांबते.

मला ते अपुरे वाटते, आणि का ते सांगतो. तासाला १०० म्हणजे आठ तासांच्या दिवसाला ८०० रुपये. एवढी मिळकत असलेल्या कुशल कारागिरानेही या नियमाप्रमाणे विमान निवडायला हवे. परंतु त्याच्या हाती एका वेळी ४,००० रुपये रोख असतातच असे नाही. आजारी आई आणि सोबतीला भाऊ असे तिघे कोलकात्याच्या इस्पितळाकडे निघाले तर १२,००० रुपये हवेत, आणि तेही उपचारांचा खर्च समोर असताना. वेळेचे मोल काढताना आपण मनुष्याची मिळकत पाहतो, त्याच्यापाशी शिल्लक किती आहे ते पाहत नाही. शिवाय भाडे स्थिर नसते. दुर्गापूजेच्या आधी सर्वांनाच घरी जायचे असते, विमानातील जागा मात्र वाढत नाहीत. म्हणून एकाच आगरतळा शहरात दोन भूगोल नांदतात. एका भूगोलात कोलकाता ३१५ किलोमीटरांवर, तासाभराच्या वाटेवर आहे. दुसऱ्यात ते साडेपंधराशे किलोमीटरांवर, दीड दिवसाच्या वाटेवर. पहिल्या भूगोलातील माणसांकडे निर्णयाची साधने अधिक असतात. ती स्वतः विमानाने येत-जात असल्यामुळे दुसरा भूगोल त्यांना सहसा जाणवत नाही, असे माझे निरीक्षण आहे.

माणसांचे एक वेळ भागते, मालाचे काय? रबर उत्पादनात केरळनंतर त्रिपुराचा क्रमांक लागतो. रबर वजनाला जड आणि वजनाच्या मानाने स्वस्त. ते विमानाने नेणे परवडत नाही. त्रिपुराच्या ‘क्वीन’ अननसाला २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो नाशवंत असल्याने त्यातील थोडा भाग विमानाने जाऊ शकतो, उरलेल्याला वळसाच घालावा लागतो. आणि सिमेंट, लोखंड, डाळ, मीठ, पेट्रोल यांना विमानतळाचा उपयोग नाही. व्यापाराच्या अभ्यासात गुरुत्वाकर्षण प्रतिमान वापरतात. यान टिंबर्गन यांनी ते १९६२ मध्ये मांडले. दोन अर्थव्यवस्था जितक्या मोठ्या तितका व्यापार अधिक, आणि अंतर जितके अधिक तितका तो कमी. संशोधक बहुधा त्यात सरळ रेषेतील अंतर घालतात. आगरतळ्याच्या बाबतीत ३१५ घातले तर प्रतिमान सांगेल की येथे व्यापार बराच असायला हवा होता. आणि तो तेवढा दिसला नाही की दोष उद्योजकतेच्या अभावाला दिला जाईल.

हा वळसाही भरवशाचा नाही. रेल्वे धर्मनगरला १९६४ मध्ये पोचली, आगरतळ्याला २००८ मध्ये, तीही मीटरगेज. ब्रॉडगेज झाली २०१६ मध्ये. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात त्रिपुराला जोडणारा राष्ट्रीय महामार्ग आसामच्या हद्दीत खचला. इंधनाचे ट्रक अडकले व राज्यात पेट्रोलचे वाटप मोजून करावे लागले. मे २०२२ मध्ये दिमा हासाओ जिल्ह्यात दरडी कोसळून डोंगरातील लोहमार्ग वाहून गेला आणि सुमारे दोन महिने त्रिपुरा, मिझोराम व बराक खोऱ्याची रेल्वे बंद राहिली. अशा प्रसंगांची किंमत केवळ त्या दिवसांपुरती नसते. पुरवठा तुटू शकतो हे ठाऊक असलेला व्यापारी कायमच अधिक साठा ठेवतो, आणि त्या साठ्यात अडकलेल्या भांडवलाचे व्याज ग्राहकाच्या किमतीत मिसळते.

शासनाने यावर केलेले उपाय दोन प्रकारचे आहेत व त्यांतील भेद तुम्ही नीट लक्षात घ्यावा. पहिला प्रकार भरपाईचा. डोंगराळ व दुर्गम भागांतील उद्योगांसाठी १९७१ मध्ये वाहतूक अनुदान योजना आली आणि वेगवेगळ्या रूपांत ती दीर्घकाळ चालली. अशी मदत आवश्यक होती. परंतु अनुदान वळशाचे पैसे देते, वळसा कमी करीत नाही; पुढच्या वर्षी तेवढेच पैसे पुन्हा द्यावे लागतात. दुसरा प्रकार गुणांकाचा अंशच कमी करण्याचा. पालाटाणा येथील ७२६.६ मेगावॉट क्षमतेच्या वायुविद्युत प्रकल्पाची अवजड यंत्रे डोंगरी रस्त्याने नेणे शक्यच नव्हते. बांगलादेशाच्या संमतीने ती नदीमार्गे आशुगंज बंदरात व तेथून रस्त्याने त्रिपुरात आली. प्रकल्पाच्या पहिल्या संचाचे उद्घाटन जून २०१३ मध्ये झाले आणि मार्च २०१६ पासून त्रिपुराहून बांगलादेशाला १०० मेगावॉट वीज जाऊ लागली. वाट देणाऱ्यालाही लाभ झाला, हे महत्त्वाचे. २०१६ च्या त्या इंधनटंचाईतही तेलाच्या टाक्या मेघालयातून बांगलादेशमार्गे त्रिपुरात आणल्या गेल्या. २०१८ मध्ये चितगाव व मोंगला बंदरांच्या वापराचा करार झाला. जुलै २०२० मध्ये लोखंडी सळ्या व डाळ यांचे चार कंटेनर कोलकात्याहून समुद्रमार्गे चितगावला आणि तेथून रस्त्याने आगरतळ्याला पोचले. मार्च २०२१ मध्ये सब्रूम येथे फेनी नदीवरील १.९ किलोमीटरांच्या मैत्री सेतूचे उद्घाटन झाले. तेथून चितगाव बंदर सुमारे ८० किलोमीटर आहे.

यांत सर्वांत लहान आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा दुवा म्हणजे आगरतळा–अखौरा लोहमार्ग. लांबी अवघी १२.२४ किलोमीटर, पैकी ५.४६ किलोमीटर भारतात, ६.७८ बांगलादेशात. उद्घाटन १ नोव्हेंबर २०२३ रोजी झाले. या मार्गाने, ढाक्यावरून, कोलकाता साडेपाचशे किलोमीटरांच्या आत येते. म्हणजे बारा किलोमीटरांच्या रुळांनी हजार किलोमीटरांचा वळसा टळतो आणि गुणांक ४.९ वरून १.७ च्या आसपास येतो. गुंतवणुकीवरील परताव्याचे याहून सोपे उदाहरण मला ठाऊक नाही. मात्र रूळ टाकणे हा खर्चाचा एक भाग आहे. दुसरा भाग असतो शेजाऱ्याशी सतत राखलेल्या विश्वासाचा, आणि तो अंदाजपत्रकात दिसत नाही. जुलै २०२४ मध्ये कोलकाता–ढाका मैत्री एक्सप्रेस थांबली, ऑगस्टमध्ये ढाक्यात सत्तांतर झाले. परक्या भूमीतून जाणाऱ्या मार्गाच्या लाभाचे गणित करताना तो वर्षातून किती दिवस खुला राहील याची संभाव्यता त्यात घालावी लागते. ती घातली, तर आसाममधून येणारा लांबचा लोहमार्ग अधिक भक्कम करण्यावरचा खर्चही समर्थनीय ठरतो. दोन्ही मार्ग हवेत. एक स्वस्त म्हणून आणि दुसरा आपला म्हणून.

वेळ संपत आली आहे, म्हणून एक काम तुमच्यावर सोपवितो. सप्टेंबर २०२५ मध्ये बैराबी–सैरांग लोहमार्गाने मिझोरामची राजधानी ऐझॉल रेल्वेच्या नकाशावर आली. मणिपूरची राजधानी इंफाळ रस्त्यावर व विमानावर विसंबून राहिली आहे. इंफाळचा विमानतळ २४ अंश ४६ मिनिटे उत्तर व ९३ अंश ५४ मिनिटे पूर्व यांवर आहे. कोलकात्यापासूनचे हवाई अंतर आज दाखविलेल्या रीतीने काढा, सूत्राने उड्डाणाचा वेळ काढा, नकाशावरून रस्त्याचे अंतर घ्या आणि गुणांक मांडा. रेखांशाच्या अंशाची लांबी घेताना दोन्ही ठिकाणांच्या मधला अक्षांश धरावा. मध्यंतरानंतरच्या प्रश्नोत्तरांत उत्तरे पाहू.